ताठरतेच्या त्रासावरच्या क्लिनिकल ट्रायल: मुंबईकर पुरुषांचे नेहमीचे प्रश्न

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवर होणाऱ्या औषध-उपचारांच्या चाचण्यांना (क्लिनिकल ट्रायलना) मंजुरी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसतो. अशा कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक तरी माणूस कायद्यानेच लागतो. संमतीपत्रं वाचायची आणि ती चार लोकांना कळतील का ते सांगायचं, एवढंच माझं काम. मी हे काम करतो असं कळल्यावर ओळखीतले पुरुष आडवळणाने, बहुतेक वेळा 'माझ्या एका मित्राला' असं म्हणून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मला हा त्रास आहे. सरळ ट्रायलच शोधू का?

नको. आधी डॉक्टरांकडे जा. युरॉलॉजीच्या ओपीडीत जा, नाहीतर निदान तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना भेटा. लिंगाला ताठरता न येणं किंवा ती न टिकणं हे पुष्कळदा शरीरात दुसरीकडे चाललेल्या बिघाडाचं पहिलं लक्षण असतं. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे मधुमेह, वाढलेलं ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू-सिगारेट यांचा फटका तिथे आधी जाणवू शकतो. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), बीपी आणि सकाळच्या वेळी काढलेलं टेस्टोस्टेरॉन एवढ्या साध्या तपासण्यांतून बराच उलगडा होतो. या गोष्टी कळल्याशिवाय कुठलीही ट्रायल तुम्हाला घेणारही नाही.

दुसरं असं की सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रातलं औषध) आणि टाडालाफिल ही ताठरतेवरची औषधं आज जेनेरिक मिळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती परवडतात, आणि बऱ्याच जणांना लागूही पडतात. माझ्या मते ट्रायलचा विचार तीन प्रकारच्या माणसांनी करावा: गोळ्यांनी गुण न आलेल्यांनी, गोळ्या सोसत नसलेल्यांनी, आणि सगळं नीट समजून-उमजून संशोधनाला हातभार लावू पाहणाऱ्यांनी. फुकट औषध मिळेल एवढ्याच आशेने जाणाऱ्याची बहुतेक निराशा होते.

या दुखण्यावर ट्रायल होतात तरी का? औषध तर आहेच.

आहे, आणि तेही एका ट्रायलमधूनच सापडलं. सिल्डेनाफिलवरचं काम इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत झालं. ते औषध तेव्हा हृदयाच्या अंजायनासाठी होतं. छातीतल्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग होईना, पण चाचणीतले पुरुष एक भलताच परिणाम सांगू लागले. तिथून दिशा बदलली आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत ते औषध ताठरतेच्या त्रासासाठी मंजूर झालं. तेव्हा त्या स्वयंसेवकांनी लाजून गप्प राहायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अधूनमधून माझ्या मनात येतो.

आता अभ्यास चालतात ते मुख्यतः गोळ्या ज्यांना पुरत नाहीत अशांसाठी. मधुमेही असतात, प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले असतात. काही ट्रायल औषधाच्या नव्या रूपावर असतात, उदाहरणार्थ जिभेवर विरघळणारी पट्टी किंवा लावायचं जेल. काही शॉकवेव्ह यंत्रावर (ध्वनिलहरींचे हलके झटके देणाऱ्या), काही व्यायामावर, तर काही आयुर्वेदिक योगांवर असतात.

ट्रायल शोधायची कुठे?

सुरुवात एकाच ठिकाणाहून करा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ती २००७ साली सुरू केली. २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हावी लागते. पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. वापरायला फुकट, लॉगिनची गरज नाही.

साइट इंग्रजीत आहे आणि दिसायला सरकारी छापाची, पण घाबरू नका. 'ट्रायल सर्च'मध्ये इरेक्टाइल डिसफंक्शन हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाका. आयुर्वेदिक अभ्यास हवे असतील तर 'क्लैब्य' हा शब्द रोमन लिपीत लिहून पाहा, कारण वैद्य मंडळी नोंद करताना तोच वापरतात. पुष्कळ जण दुसऱ्यांदा शोधतच नाहीत आणि आयुर्वेदाचं काही नाही असं समजून बसतात.

यादी आली की भरती कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा. 'ओपन टू रिक्रूटमेंट' लिहिलेलं असेल तरच पुढे वाचायचं. 'कम्प्लीटेड' किंवा 'क्लोज्ड' असेल तर सोडून द्या. त्यानंतर 'साइट्स ऑफ स्टडी' बघा, कारण नोंद दिल्लीच्या कंपनीची असली तरी एक केंद्र मुंबईत असू शकतं. मग वय, अटी आणि कोणाला घेणार नाहीत ती यादी. पानावर 'पब्लिक क्वेरी'साठी एका माणसाचं नाव आणि फोन असतो. तो तुमच्यासाठीच दिलेला असतो. नोंदणी क्रमांक उतरवून ठेवा: सीटीआरआय ही अक्षरं, मग वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे. पुढे कोणीही ट्रायलचं नाव घेतलं की आधी हा क्रमांक मागायचा.

अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीतही देशानुसार शोधता येतं. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी पोर्टल तर अनेक देशांच्या नोंदी एकत्र दाखवतं. तरी मुंबईतल्या माणसाने वेळ घालवायचा तो सीटीआरआयवर.

आणि हेही खरं की एखाद्या महिन्यात मुंबईत या विषयावर एकही भरती चालू नसते. मग दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं.

मुंबईत कुठल्या दारावर जाऊ?

परळचं केईएम, सायन, नायर आणि जेजे ही शिक्षण देणारी मोठी रुग्णालयं. तिथे युरॉलॉजीची ओपीडी आहे आणि संशोधनही चालतं. केईएममध्ये क्लिनिकल फार्माकोलॉजीचा वेगळा विभाग आहे. परळलाच आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आहे. आयुर्वेदाकडे ओढा असेल तर वरळीला पोदार आयुर्वेदिक रुग्णालय आणि त्याच आवारातली केंद्र सरकारची आयुर्वेद संशोधन संस्था. कॉर्पोरेट रुग्णालयंही ट्रायल करतात.

यांपैकी कुठे आत्ता ताठरतेवर ट्रायल चालू आहे हे रजिस्ट्रीच सांगेल. मात्र ओपीडीत केसपेपर काढून डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, "सर, या त्रासावर इथे किंवा दुसरीकडे काही स्टडी चालू आहे का?" डॉक्टर घाईत असतील. ट्रायलचं रोजचं काम ज्यांच्या हातात असतं त्यांना स्टडी कोऑर्डिनेटर म्हणतात. त्यांच्याशी गाठ घालून द्या म्हणा. ही बहुधा तरुण मुलं-मुली असतात, आणि या विषयावर ती तुमच्यापेक्षा खूप कमी लाजतात.

कोणाला घेतात आणि कोणाला नाही?

प्रत्येक ट्रायलच्या अटी वेगळ्या, पण साचा साधारण सारखा असतो. वय अठराच्या वर, बरेचदा वरची मर्यादा पासष्ट किंवा सत्तर. त्रास निदान तीन किंवा सहा महिने असलेला. स्थिर जोडीदार. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत ठरावीक वेळा संबंधाचा प्रयत्न करायची तयारी.

नाकारायची कारणं जास्त असतात. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेला, ताब्यात नसलेलं बीपी किंवा साखर, लिवर-किडनीचा मोठा आजार, मणक्याला इजा, लिंगाचा वाक. नाकारलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जिवाला धोका नको आणि आकडे स्वच्छ यावेत, या दोनच कारणांनी ते होतं.

एका गोष्टीवर मात्र मला थांबायचं आहे. छातीत दुखतं म्हणून कोणी सॉर्बिट्रेट किंवा दुसरी कुठली नायट्रेटची गोळी घेत असेल, जिभेखाली ठेवायची का असेना, तर त्याने ते पहिल्या भेटीत सांगितलंच पाहिजे. सिल्डेनाफिलच्या जातीची औषधं आणि नायट्रेट एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस दगावतो. ट्रायलमध्ये घ्यावं म्हणून ही गोळी लपवणारे असतात. तसं कधीही करू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगा.

बाजारातल्या 'हर्बल' शक्तिवर्धक कॅप्सुलांचंही तेच. अशा कितीतरी उत्पादनांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं आढळलं आहे. अमेरिकेचं औषध प्रशासन त्यांची नावं वेळोवेळी जाहीर करतं. तुम्हाला वाटतं आपण जडीबुटी घेतोय, आणि पोटात गोळीच गेलेली असते. म्हणून ट्रायलआधी काही दिवस अशी सगळी औषधं बंद ठेवायला सांगतात. बीपी आणि साखरेची औषधं मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाहीत.

बायकोला सांगावं लागेल का?

बहुतेक वेळा हो. औषध लागू पडलं की नाही हे संबंधाच्या प्रयत्नांवरूनच मोजतात, आणि ते एकट्याने होत नाही. काही अभ्यासांत जोडीदारालाही प्रश्नावली भरायला देतात. मग तिची वेगळी संमती लागते आणि ती नाही म्हणू शकते. तिच्या वतीने तुम्ही सही करायची नाही.

माझं निरीक्षण असं की बायकोला निम्मं-अर्धं आधीच ठाऊक असतं. कळल्याचा धक्का कमी बसतो, इतके महिने आपल्यापासून लपवलं याचा जास्त. अविवाहितांना आणि पुरुष जोडीदार असलेल्यांना मात्र अनेक ट्रायलमधून अटींमुळेच वगळलं जातं. नोंदीत 'स्त्री जोडीदार' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही, पण आज वस्तुस्थिती तशी आहे. आधीच वाचून घेतलं तर एक हेलपाटा वाचेल.

प्रश्नावलीत काय काय विचारतात?

सरळ विचारतात. आयआयईएफ नावाची पंधरा प्रश्नांची प्रश्नावली १९९७ पासून जगभर वापरात आहे. गेल्या चार आठवड्यांत ताठरता किती वेळा आली, प्रवेश करता आला का, शेवटपर्यंत टिकली का, इच्छा कितपत होती, समाधान किती. तिचं पाच प्रश्नांचं छोटं रूपही आहे. त्यात पंचवीसपैकी एकवीस किंवा कमी गुण आले तर त्रास आहे असं धरतात. शिवाय घरी डायरी देतात. प्रत्येक प्रयत्नानंतर 'प्रवेश झाला का' आणि 'पुरेसा वेळ टिकलं का' याला हो किंवा नाही लिहायचं.

मराठीत मागा. मराठी प्रत नसेल तर संशोधकांना ती आधी करून कमिटीकडून मंजूर करून घ्यावी लागते. माझ्यासमोर आलेल्या काही मराठी प्रती इतक्या संस्कृतप्रचुर होत्या की 'शिश्नोत्थानाची पर्याप्तता' वाचून डॉक्टरसुद्धा हसले. कळलं नाही तर दोनदा विचारा, आणि डायरी त्याच दिवशी भरा. व्हिजिटच्या आदल्या रात्री महिन्याभराचं आठवून लिहिलेलं कोऑर्डिनेटरला लगेच ओळखू येतं.

मला नुसतीच 'खोटी गोळी' मिळाली तर?

मिळू शकते. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळणार हे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि तुम्हाला आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत नसतं.

ती लागू पडते का, याचं उत्तर १९९८ साली छापून आलेल्या सिल्डेनाफिलच्या गाजलेल्या अभ्यासात आहे. औषध घेणाऱ्यांचे शेवटच्या चार आठवड्यांतले ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. प्लासिबो घेणाऱ्यांचे २२ टक्के. औषधाचा पल्ला मोठाच, पण त्या २२ टक्क्यांकडेही बघा. आत काहीही नसलेली गोळी घेऊन पाचातला एक प्रयत्न यशस्वी झाला. आशा, धीर आणि या विषयावर कोणाशी तरी बोलायला मिळणं यांचा परिणाम या दुखण्यावर होतोच. तुलनेला दुसरा गट नसेल तर कुठलाही बाबा आपल्या चूर्णाने गुण आल्याचं सिद्ध करून दाखवेल.

काही ट्रायलमध्ये शेवटी सगळ्यांनाच काही आठवडे खरं औषध देतात. तशी सोय आहे का, ते सहीआधी विचारा.

पैसे मिळतात की द्यावे लागतात?

ट्रायलचं औषध, त्यासाठीच्या तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी यांचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. उलट येण्या-जाण्याचा खर्च आणि कधी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते. रक्कम एथिक्स कमिटी मंजूर करते आणि ती संमतीपत्रात लिहिलेली असते.

गाडी घसरते ती इथेच. शॉकवेव्ह, स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी आणि स्टेम सेल या तीन उपचारांच्या जाहिराती मुंबईत भरपूर दिसतात. 'नवं संशोधन' म्हणून हजारो, कधी लाखो रुपयांची पॅकेजेस विकली जातात. उत्तर अमेरिकेतल्या लैंगिक वैद्यकाच्या तज्ज्ञसंघटनेची भूमिका स्पष्ट आहे: हे उपचार अजून प्रायोगिक आहेत, ते ट्रायलमध्येच द्यावेत आणि रुग्णाकडून पैसे घेऊच नयेत किंवा अगदी थोडे घ्यावेत. मायामी विद्यापीठाने पीआरपीची प्लासिबोशी तुलना केली. २०२३ साली निकाल छापून आला तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. भारतातही स्टेम सेलबद्दल २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मान्य वापर रक्ताच्या काही आजारांसारखे मोजकेच आहेत आणि ताठरता त्यांत नाही. म्हणून कोणी ट्रायल म्हणत असेल आणि वर बिलही देत असेल तर तिथून उठून निघून या.

लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'गुप्तरोग, शीघ्रपतन, कमजोरी' छापाची पत्रकं तर बेकायदाच आहेत. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली, डिंक काही सुकत नाही.

संमतीपत्रात काय बघू?

सगळंच. दहा-पंधरा पानं असतात. घरी न्या, दोन दिवस वाचा. 'आत्ताच सही करा' म्हणणारा माणूस चुकतो आहे. नव्या औषधाच्या ट्रायल २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सखाली चालतात. त्या नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळते. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार समोर बसवावा लागतो.

अभ्यास किती आठवडे, किती भेटी, किती वेळा रक्त काढणार, प्लासिबो आहे का, ठाऊक असलेले दुष्परिणाम, इजा झाली तर कोण बघणार, मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन, एवढं सापडलंच पाहिजे. शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. नॉमिनी बघून लोक दचकतात. मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची यासाठी तो रकाना असतो, सगळ्याच औषधांच्या ट्रायलमध्ये. पण बायकोपासून सगळं लपवून तिचंच नाव तिथे लिहिणारे मी बघितलेत, म्हणून वरचा प्रश्न पुन्हा वाचा.

काही बरंवाईट झालं तर?

ट्रायलदरम्यान इजा झाली तर उपचार फुकट मिळतात, गरज असेल तोवर किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे ठरेपर्यंत. गंभीर घटना घडली तर संशोधकाने ती घडल्यापासून २४ तासांत वर कळवायची असते. ट्रायलमुळे इजा किंवा मृत्यू झाल्याचं ठरलं तर प्रायोजकाने, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत भरपाई द्यायची असते. तिचं सूत्र नियमांतच छापलेलं आहे.

डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, अपचन हे या गोळ्यांचे नेहमीचे परिणाम. डायरीत नोंदवा. पण ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर डायरी बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जा. लिंगात घेण्याच्या इंजेक्शनांनी हे जास्त होऊ शकतं आणि उशीर केल्यास कायमचं नुकसान होतं. छातीत दुखलं तर जो डॉक्टर समोर असेल त्याला 'मी अशा औषधाच्या ट्रायलमध्ये आहे' हे पहिलं सांगा. लाजेपायी हे न सांगता त्यांनी नायट्रेट दिलं तर घात होईल. ट्रायलचं ओळखपत्र दिलं असेल तर पाकिटात ठेवा.

नाव फुटेल का?

तुमची माहिती क्रमांकाने पुढे जाते. मूळ कागद केंद्रावर कुलपात असतात आणि ते कमिटी, प्रायोजकाचे निरीक्षक व सरकारी अधिकारी बघू शकतात. माझ्या अनुभवात बातमी फुटते ती कागदातून नाही, घरच्या फोनमधून. कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन करायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विषयाचं नाव लिहायचं की नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. प्रवासखर्च खात्यात जमा होत असेल तर बँकेच्या मेसेजमध्ये काय नाव दिसेल तेही विचारा.

मधेच सोडता येतं?

येतं. कारण न देता, आणि तुमचा नेहमीचा उपचार त्यामुळे बंद होत नाही. फक्त कळवून सोडा. उरलेल्या गोळ्या परत द्या, मित्राला नको.

ट्रायल संपल्यावर तेच औषध मिळत राहील?

भरवसा धरू नका. दुसरा उपाय उपलब्ध नसेल तेव्हा ट्रायलनंतरही औषध देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ताठरतेसाठी दुसरे उपाय आहेत.

तक्रार कुठे करू?

आधी एथिक्स कमिटीच्या सचिवांकडे. कमिटीतले निदान निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असतात, तेव्हा तक्रार दाबली जाईल अशी भीती नको. तिथे दाद लागली नाही तर केंद्रीय औषध नियंत्रक संस्था, सीडीएससीओ. तिचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईतच आहे. पत्र मराठीतून दिलं तरी चालतं, नोंदणी क्रमांक मात्र लिहा.

पहिल्या फोनवर बोलू काय? तोंडातून शब्दच फुटत नाही.

असं म्हणा: "नमस्कार, सीटीआरआयवर तुमच्या स्टडीची नोंद पाहिली, नंबर अमुक. माझं वय इतकं, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, नायट्रेट घेत नाही. भरती चालू आहे का, आणि तपासणीसाठी कधी येऊ?" दुखण्याचं नाव उच्चारायची गरजच नाही. ते नंबरवरून त्यांना कळतं. येताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांच्या पट्ट्या घेऊन या.